चिरीच्या वरचा अर्धा घंटा

“अर्धा घंटा. लिही.”

“नक्की ना मावशी? पंधरा लोकं हायेत. त्यातल्या दोघातिघांचे गुडघे काही कामाचे नाईत.”

“गुडघे कामाचे नाई तं घरी बसा म्हना. आयक. कुंडीवरून वर चढलं का धारेधारेनं उजव्या हाताले चालत राहायचं. पयले सुंदरबाईचे मोहं लागते. मंग मोठा आंबा. मंग गायवाट. गायवाटेनं उतरलं का आपल्या तलावाची पार. अर्धा घंटा म्हनलं थे बी तुमच्या लोकायच्या हिशोबानं म्हनलं. मी तं एक बिडी इझाच्या अंदर येतो.”

“तू बिडी कधीपासून ओढून राहिली?”

“अबे, मापासाठी सांगून राहिलो!”

प्रफुल्लने वहीत लिहिले, ‘कुंडी ते गायवाट, अर्धा तास’, आणि खाली एक रेघ ओढली. मंगलाबाईने वाकल्या वाकल्या लाखोरीचे आणखी चार शेंडे खुडले आणि ओटीत टाकले.

डिसेंबर संपत आला होता. धान निघून गेले होते आणि उभ्या धानात फेकलेली लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचे पीक, आता शेतात बांधीभर पसरली होती. तिचे कोवळे शेंडे सकाळी दव असेपर्यंत खुडायचे, नंतर ते नरम राहत नाहीत. खुडले की भाजी होते, आणि खुडल्या जागी दोन फुटवे येतात. मंगलाबाई ही भाजी मोहाडीच्या बाजारात नेते. उरलेली वाळवून ठेवते, ती उन्हाळ्यात खातात. त्यामुळे जे काही बोलायचे ते कमरेत वाकून, जमिनीकडे पाहत बोलायचे, अशी तिची हिवाळ्यातली सवय आहे. समोरच्याला तिचे तोंड दिसत नाही, पाठ दिसते.

मंगलाबाई हिरालाल गजभिये, खैरटोलीची. वय सत्तावन्न, शाळा चौथीपर्यंत, दोन एकर धान. उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. ते नाल्यातल्या एका दगडाने वीस वर्षांपूर्वी नेले. गावात तिच्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगतात. तिने कोणाला ‘मले नाई मालूम’ असे म्हटलेले कोणी ऐकलेले नाही. म्हैस कुठे गेली, कोणता बांध कोणाचा, भंडाऱ्याला कोणत्या डॉक्टरकडे पाठदुखी जाते आणि कोणाकडे वाढते, करडीची शेवटची गाडी कोणत्या दिवशी येत नाही, हे सगळे तिला विचारायचे. उत्तर लगेच मिळते. दहापैकी नऊ वेळा बरोबरही असते. दहावी वेळ एका ट्रॅक्टरवाल्याच्या वाट्याला आली होती. नाल्यात कुठून घालू, म्हणून त्याने विचारले. तिने जागा दाखवली. ट्रॅक्टर चाकाच्या वरपर्यंत रुतला आणि दुसऱ्या दिवशी दोन बैलजोड्यांनी निघाला. मंगलाबाई तेव्हा म्हणाली होती, “रस्ता बरोबर होता. ट्रॅक्टर जड होता.”

प्रफुल्ल तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, साकोलीला शाळेत मास्तर. तिथल्या नोकरीवाल्यांनी एक चालणारा गट काढला होता. दर पंधरा दिवसांनी एक रविवार कुठेतरी पायी जायचे, डबा खायचा, फोटो काढायचे. आतापर्यंत जिथे गेले तिथून त्याच वाटेने परत आले. या खेपेस प्रफुल्लच्या मनात पूर्ण फेरा होता. एका तोंडाने शिरायचे, दुसऱ्या बाजूने निघायचे, आणि एकाही दगडावर दोनदा पाय पडू द्यायचा नाही. तो त्याला लूप म्हणायचा.

“फेरा म्हन ना,” मंगलाबाई म्हणाली.

फेऱ्याची जागा म्हणजे चीर. करडीच्या पुढे जंगलाच्या तोंडाशी खैरटोली आहे. गावामागे तलाव, तलावामागे टेकडी, आणि ती टेकडी मधातून फाटलेली. तलावाला पाणी आणणारा नाला त्या फटीतून येतो. दोन्ही बाजूंना उभे खडक, खाली हिवाळ्यात पोटरीएवढे पाणी. नाल्यानाल्याने वर गेले की शेवटी कुंडी लागते. तिथे पाणी बारा महिने असते. कुंडीच्या बाजूला खडकात पायऱ्यांसारख्या कपारी आहेत, त्यांना निसनी म्हणतात. निसनी चढून गेले की चिरीची वरची धार, आणि तिथून बेलटोलीची शीव सुरू होते. हे जंगल अभयारण्यात येत नाही, पण वनखात्याचे आहे, आणि अस्वलांना हा फरक माहीत नाही.

खालच्या वाटेबद्दल मंगलाबाईने जे सांगितले ते प्रफुल्लने चार पाने भरून लिहून घेतले. बूट घालायचे नाहीत, पट्ट्याची जुनी चप्पल घालायची, कारण पहिला कोसभर पाय पाण्यातच असतात. दुसऱ्या वळणावर खडकाला आग्या माश्यांचे पोळे असते, तिथे अत्तर नको, सिगारेट नको, दात काढून हसणे नको. बोरीच्या झुडपांपाशी मात्र मोठ्याने बोलायचे, अस्वलाला आधी कळले पाहिजे. कुंडीतले पाणी प्यायचे नाही. रेतीत हाताने झिरा उकरायचा, पहिल्या दोन ओंजळी फेकायच्या, मग प्यायचे. बायकांना जायचे असेल तर कुंडीच्या अलीकडे हत्तीएवढा खडक आहे, त्याच्या मागे.

“हे तं कोनी सांगतच नाई मावशी,” प्रफुल्ल म्हणाला. “मागच्या खेपेले बायकांचे भल्ते हाल झाले.”

“सांगन कोन? मानसं बनवते तुमचा रस्ता.”

मग प्रफुल्लने पिशवीतून कागद काढला. बीट गार्डला अर्ज द्यायचा होता. किती लोक, कोणत्या रविवारी, किती वाजता आत, किती वाजता बाहेर. गार्डचे म्हणणे, चार वाजता पंधराचे पंधरा तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभे दिसले पाहिजेत. हिवाळ्यात चिरीत साडेचारलाच अंधारून येते आणि मग तो कोणाला शोधायला जाणार नाही. शिवाय संपूर्ण रस्ता चाललेला गावातला एक माणूस कागदावर पाहिजे.

प्रफुल्लने ते आधीच लिहून आणले होते. आठला आत, साडेदहाला कुंडी, जेवण, साडेअकराला निसनी, बाराला गायवाट, एकला पारीवर. चार वाजायला तीन तास शिल्लक. शेवटी लिहिले होते, ‘मी हा संपूर्ण मार्ग स्वतः चाललेली असून वरील वेळा माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहेत.’

मंगलाबाईने कंबर सरळ केली. ओटी सांभाळत ते वाक्य एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचले. मग पूर्ण नावाची सही केली. लाखोरीचा हिरवा डाग कागदाला लागला.

“जयभीम मावशी, येतो,” म्हणून प्रफुल्ल गेला. त्याच्या मोटरसायकलचा आवाज करडीच्या रस्त्याला लागेपर्यंत बांधीच्या काठच्या धुऱ्यावर बसलेला हिरालाल टोपलीचा तुटलेला काठ बांधत राहिला. हिरालाल म्हणजे तिचा नवरा. तो दिवसात फार तर वीस वाक्ये बोलतो, त्यातली पंधरा बैलांशी.

“काय व, धारेवरून तू कधी चालली?”

“तीस वर्सं मोह वेचून राहिलो मी तिथं.”

“तिथं म्हनजे खाली. मी वरचं इचारून राहिलो.”

“वरचं मले खालून मालूम हाय.”

हिरालालने काठाची गाठ दाताने ओढली. “सही तं वरची बी केली.”

आता हे खालून माहीत असणे काय असते, ते सांगावे लागेल.

मोहाचे फूल चैत्राच्या तोंडाशी पहाटे गळते. प्रत्येक घराची झाडे ठरलेली असतात. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा झाडून ठेवायची आणि उजाडायच्या आत जाऊन वेचायचे. मोह अस्वलालाही आवडतो, म्हणून बायका झाडाखाली पोचल्या की हाका देतात. एकीने दिली की दुसरी देते, तिसरी देते, म्हणजे कोण कुठे आहे ते कळते आणि अस्वल बाजूने निघून जाते. दुसऱ्याच्या मोहाखाली मात्र पाय ठेवायचा नाही, आणि दुसऱ्या गावाच्या तर नाहीच. खैरटोलीचे मोह चिरीच्या आत, खाली. बेलटोलीचे धारेवर. त्यामुळे खैरटोलीची बाई निसनी चढत नाही आणि बेलटोलीची उतरत नाही. मोह संपला की तिकडे कोणाचे कामच नसते.

तरी पहाटे वारा पडलेला असतो आणि वरची हाक खाली अगदी कानाशी येते. तीस चैत्र मंगलाबाईने ती हाक ऐकली. कुंडीच्या डोक्यावर सुंदरबाई. तिच्या पलीकडे खोकणारी एक म्हातारी, ती सहा वर्षांमागे बंद झाली. मग आंब्यापाशी एक पातळ आवाजाची. मग गायवाटेच्या डोक्याशी एक, ती हाक द्यायच्या ऐवजी सुनेला शिव्या द्यायची. ओळीने चार आवाज, एकामागून एक, मधात श्वास घ्यायला जेमतेम जागा. मंगलाबाईने वरचा रस्ता असा कानाने चालून पाहिला होता. अर्धा घंटा तिने त्या हाकांवरून काढला होता.

सुंदरबाईशी तर तिचे भांडणही होते. कुंडीवर एक वाकडा मोह आहे. बुंधा वर, बेलटोलीत, आणि अर्ध्या फांद्या चिरीत लोंबलेल्या. फुले खाली पडतात. दर चैत्रात सुंदरबाई वरून ओरडायची, “कोन व थे, माझा मोह वेचून राहिली?” आणि मंगलाबाई खालून, “झाड तुझं, जमीन माझी!” एवढेच. दोघींनी एकमेकींचे तोंड पाहिलेले नव्हते.

सहीनंतर तीन दिवस मंगलाबाईने भाजी खुडली, बाजार केला, घर सारवले. बोलणे नेहमीसारखेच होते. फक्त हिरालाल जेवायला बसला की ती त्याच्याकडे पाहायची नाही, आणि तो काही न बोलता जेवायचा, हेच तिला जास्त लागत होते. पंधरा माणसे. त्यात प्रफुल्ल. त्यात दोघातिघांचे गुडघे. अर्ध्या घंट्याचा एक घंटा निघाला तरी चालेल, मधात तीन तास शिल्लक आहेत, असे ती मनाशी म्हणायची. आणि मग तिला तो ट्रॅक्टर आठवायचा.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, ती सकाळी बांधीत गेली नाही. चुलीवरून भाकरी काढून फडक्यात बांधल्या.

“टीन घ्या,” ती हिरालालला म्हणाली. “अना काडी.”

“कायले?”

“अस्वलासाठी. चला.”

हिरालालने तेलाचा रिकामा टीन खांद्याला अडकवला. कुठे चाललो, हे त्याने विचारले नाही.

सातला निघाले, नऊला कुंडीवर होते. खालची वाट तिने सांगितली तशीच होती, माश्यांचे पोळेसुद्धा सांगितल्या जागी. भाकरी खाल्ली, झिऱ्याचे पाणी प्यायले. मग मंगलाबाईने लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा निसनीवर पाय ठेवला. निसनी अवघड नव्हती. वर आल्यावर वाकडा मोह दिसला. बुंध्याच्या बाजूने तो फारच मोठा होता. तिने त्याला एक फेरी मारली आणि म्हणाली, “हूं.”

मग उजव्या हाताने धारेधारेने निघाले. पन्नास पावले गेले असतील. समोर मोठा आंबा दिसला, दगड मारला तर लागेल एवढा जवळ. आणि मधात जमीन नव्हती.

चिरीला बाजूने फाटा फुटला होता. चार पुरुष खोल, उभ्या कडांचा, दोन बैलगाड्या जातील एवढा रुंद. हाक त्यावरून सहज जाते. माणसाला मात्र फाट्याच्या मुळापर्यंत चढून, तिथून ओलांडून, तेवढेच पलीकडच्या काठाने परत यावे लागते. वाट नव्हतीच. काटेरी झुडपे होती, सुटे दगड होते. हिरालाल टीन वाजवत पुढे, मंगलाबाई मागे. आंब्याखाली पोचले तेव्हा ऊन डोक्याकडे सरकलेले होते.

“बिडी पेटवू का?” हिरालालने विचारले.

“चूप राहा.”

आंब्याच्या पुढे दुसरा फाटा होता. पहिल्यापेक्षा लांब.

त्याच्या मुळाशी, जिथे झाडी विरळ होऊन बेलटोलीच्या बांध्या सुरू होतात, एक बाई वाळलेली लाकडे तोडत होती. साठीच्या पुढची, बुटकी, हातात कोयता. टीनचा आवाज ऐकून ती आधीच उभी राहिली होती.

“कोन व? कायचा टीन वाजवून राहिले? बैल बिचकवता का माझे?”

मंगलाबाई जागच्या जागी थांबली. तोंड नवीन होते. आवाज तीस वर्षांचा होता.

“सुंदरबाई होय ना तू?”

बाईने कोयता खाली केला आणि मान वाकडी करून ऐकल्यासारखे केले. “अजून बोल काही.”

“काय बोलू?”

“तूच ना व थे? जमीन माझीवाली?”

“हो. मीच.”

“माय वं!” सुंदरबाईने तिला वरून खालपर्यंत पाहिले. “आवाजावरून तं भल्ली मोठी वाटत होती. मले वाटे का आडदांड असन कोनी.”

“मले तू उंच वाटत होती.”

“उंचावर होतो ना मी.” सुंदरबाई हसली आणि लगेच थांबली. “तीस वर्साचा मोह कुठी हाय माझा?”

“खाल्ला, इकला. जमीन माझी.”

“झाड माझं!”

“हो तं मंग. मोठं हाय. पाहून आलो.”

हिरालालने टीन उपडा ठेवून त्यावर बैठक मारली. दोघी उभ्याने दहा मिनिटे भांडल्या. भांडण जुने असल्यामुळे कोणाला काही सुचायला वेळ लागत नव्हता. ते झाल्यावर सुंदरबाईने विचारले की इकडे काय काढले, आणि मंगलाबाईने सांगितले. पंधरा लोक, रविवार, कुंडीवरून धारेने गायवाट.

“धारेनं?” सुंदरबाई म्हणाली. “धारेनं कोन जाते व? अजून एक फाटा हाय पुढं. गायवाटेचं तोंड तं घानेरीत बुजलं. आमी आपापल्या मोहावर गावातून जातो अना गावात येतो. माझ्या मोहावरून आंब्याखाली मी बी कधी गेलो नाई धारेनं. थे आंब्याखालची शेवंता दिसते मले समोर, बोलतो तिच्याशी रोज सकारी. पन जायचं म्हनलं तं गावातून.”

“मंग गावातून किती?”

“कुंडीवरून आमच्या गावात अर्धा घंटा. थो खरा अर्धा घंटा हाय, मी चाललो हाय. गावातून गाडीरस्त्यानं तुमच्या पारीवर अजून दीड घंटा.” ती जरा थांबली आणि कोयत्याने पायाजवळचे गवत कापल्यासारखे केले. “मी एकडाव जवयाले सांगतलं होतं का निसनीनं खाली उतरला का खैरटोली दहा मिन्टं. तुझा आवाज यायचा ना, एवढा जवर. थो गेला दहा मिन्टं समजून. संध्याकारी पोचला. आजवर रुसून हाय.”

हिरालाल टीनवर बसल्या बसल्या मोठ्याने हसला. मंगलाबाईने त्याच्याकडे पाहिले आणि तो थांबला.

तिला पुढचा फाटाही पाहायचा होता. पाहिला. गायवाटेचे बुजलेले तोंड शोधले, घाणेरीत हात ओरबाडून घेतले, आणि खाली पारीवर आली तेव्हा दोन वाजून गेले होते. कुंडीवरून निघून साडेचार घंटे. तिला आणि हिरालालला साडेचार लागले, म्हणजे गुडघेवाल्यांना सहा. साडेअकराला निसनी चढलेले लोक साडेपाचपर्यंत गायवाटेवरच असते, अंधारात, बोरीच्या झुडपांमधून उतरत. हा हिशोब तिने पारीवर बसून बोटांवर केला आणि एकदा झाल्यावर पुन्हा केला नाही.

“फोन लावू का प्रफुल्लले?” हिरालालने विचारले.

“येनार हाय उद्या थो. तोंडानं सांगतो.”

शुक्रवारी सकाळी प्रफुल्ल आला तो खुशीत. कागद मंजूर झाला होता, गार्डची सही, गोल शिक्का. गटात सगळ्यांना वेळापत्रक पाठवून झाले होते. अठरा लोक झाले होते. त्याने बांधीच्या धुऱ्यावरूनच कागद हलवून दाखवला.

मंगलाबाई वाकलेली होती. तिने दोन शेंडे खुडले. मग खुडायचे थांबली आणि सरळ उभी राहिली. प्रफुल्लला ते विचित्र वाटले असावे, कारण कागद हलवायचा तो थांबला.

“थो कागद फाड.”

“काय?”

“धारेवरून मी कधी चाललो नवतो. सही केली तवा नवतो चाललो. काल चाललो. अर्धा घंटा नाई, साडेचार घंटे लागते.”

“मावशी, मजाक करू नको. शिक्का मारून आणला.”

“मजाक मी कायले करीन?”

“मग तवा काहून नाई सांगितलं? मी दोनदा विचारलं तुले, नक्की ना, नक्की ना! साधं म्हणायचं ना, नाई मालूम म्हणून. दोन शब्द!”

धुऱ्यावर हिरालाल होता, शेजारच्या बांधीत दामिनी आणि तिची जाऊ भाजी खुडत होत्या आणि त्यांचे हात केव्हाच थांबले होते. उद्या दुपारपर्यंत हे सगळ्या खैरटोलीत होणार, हे मंगलाबाईला ठाऊक होते. तिने आवाज लहान केला नाही.

“नाई मालूम होतं मले,” ती म्हणाली. “आइकून सांगतलं. चुकलं.”

दामिनीच्या जावेने दामिनीकडे पाहिले.

प्रफुल्लने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “आता कसं करू? लोकांना कळवून झालं. रद्द करू का?”

“रद्द कायले? नवा लिही.” ती धुऱ्याकडे आली, पण बसली नाही. “सातले आत. साडेनवाले कुंडी. तिथं जेवा. साडेदहाले निसनी. वर सुंदरबाई उभी राहीन, बेलटोलीची, काल बोलून ठेवलं तिले. थे तुमाले धारेनं नाई, गावातून नेते. हरू चालले तं एक घंटा. गावात पानी, चहा, जे असन थे. मंग गाडीरस्त्यानं हे पार. दोन घंटे धर. किती वाजले?”

प्रफुल्लने मनातल्या मनात मोजले. “दोन. फार तर तीन.”

“चार व्हाच्या आत झाले ना? अना गाडीरस्त्यानं बेलटोलीची गाडी येते, कोनाचे गुडघे बसले तं बसव त्यात.”

“फेरा तं पुरा होते,” प्रफुल्ल हळू म्हणाला. “एकाही दगडावर दोनदा पाय नाई.”

“होते. फक्त थे तुझी धार नाई भेटत फोटोले.”

तो खाली बसून मांडीवर वही घेऊन लिहू लागला. वेळा लिहून झाल्यावर शेवटच्या वाक्यापाशी थांबला. “आता हे कसं लिहू? संपूर्ण मार्ग स्वतः चाललेली...”

“साडेचार घंटे चालली काल,” हिरालाल धुऱ्यावरून म्हणाला. “थे तं लिही.”

“थो रस्ता नाई नेत ना आता,” मंगलाबाई म्हणाली. “बेलटोलीतून जो जाते त्यावर मी नाई चाललो. लिही, तलावापासून कुंडीपर्यंत मंगलाबाई. कुंडीपासून पारीपर्यंत सुंदरबाई. अर्धा माझा, अर्धा तिचा. तिची सही घ्याले तुले बेलटोलीले जा लागन.”

“ती देईल का सही?”

“देते. पन पयले तिच्या वाकड्या मोहाचं काढन. तू आइकून घेजो. मधात बोलू नको, नाई तं चहा बी भेटनार नाई.”

प्रफुल्लने लिहिले. मंगलाबाईने पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, मग पहिल्या अर्ध्यापाशी सही केली. जुना कागद त्याने पिशवीत टाकला होता. तिने तो मागून घेतला, चार तुकडे केले आणि हिरालालच्या हातात दिले. हिरालालने ते चुलीसाठी खिशात ठेवले.

मोटरसायकल गेली. थोड्या वेळाने शेजारच्या बांधीतून दामिनीने हाक दिली.

“काकू, बेलटोलीचा गाडीरस्ता कसा हाय व? माझ्या भावाले टेम्पो न्याचा हाय तिकून.”

मंगलाबाई वाकलेलीच होती. हात थांबला नाही, पण उत्तरही लगेच आले नाही. दामिनी आणि तिची जाऊ वाट पाहत राहिल्या.

“टेम्पोचं नाई मालूम,” मंगलाबाई म्हणाली. “पारीवर बैलगाडीच पाहिली उतरताना. इचारून सांगतो.”

दव अर्धे सुकले होते. बाजाराची भाजी अजून एक टोपली व्हायची होती. ती पुढच्या ओळीकडे सरकली आणि दोन्ही हातांनी खुडू लागली.